पदराआडची पिशवी

आषाढी एकादशीच्या आदल्या रात्रीची गोष्ट. नऊ वाजून गेले होते. पाऊस म्हणावा असा नव्हता, पण चष्म्यावर बसेल एवढी भुरभुर होती. आमची डहाणूकर कॉलनीतली गल्ली ड्रेनेजच्या पाइपांसाठी खणलेली (पुण्यात गल्ली खणलेली नसेल तर ती बातमी, तेव्हा हे सांगायचीही गरज नाही), त्यामुळे डिलिव्हरीवाल्या मुलाचा फोन आला, ‘मॅडम, गाडी आत येत नाहीये, कोपऱ्यावर येता का?’ कोपरा म्हणजे शेठच्या दुकानासमोर. पायात चपला सरकवून खाली गेले, चिखलावर टाकलेल्या फळीवरून तोल सांभाळत कोपरा गाठला. मुलाने तपकिरी कागदाची पिशवी हातात दिली आणि गाडी वळवून तो गेलासुद्धा. मग मी वर पाहिलं. दुकानापुढे ही गर्दी. साबुदाणा, भगर, शेंगदाणे अशी तीन पोती तोंडं दुमडून बाहेर मांडलेली, त्यांच्यावर वायरीने बल्ब सोडलेला, आणि शेठ स्वतः स्टीलच्या मापाने साबुदाणा उपसत होता. माझ्या पिशवीत काय होतं? अर्धा किलो साबुदाणा आणि पाव किलो शेंगदाणे.

मी पिशवी फिरवली. ॲपचं नाव पोटाकडे, कोरी बाजू बाहेर. वरून ओढणी घेतली.

शेठने मान वर केली. ‘काय ताई, भिजवला का साबुदाणा?’ ‘हो, मघाशीच,’ मी म्हटलं. साबुदाणा तेव्हा माझ्या पोटाला टेकलेला होता, कोरडा ठणठणीत. ‘यंदा पाणी कमी घाला हां. बोटाचं अर्धं पेर वर, बस. नाहीतर गिचका होईल.’ मी मान डोलावली, घरी आले आणि अर्धं पेर मोजून पाणी घातलं. सकाळी खिचडी दाताखाली कचकचत होती. नवरा काही बोलला नाही, त्याने फक्त दही घेतलं, तेही दोनदा. शेठचा सल्ला शेठच्या साबुदाण्याला होता, हे माझ्या आदल्या रात्री लक्षात यायला हवं होतं.

खोटं बोलल्याचं मला फार काही वाटलं नाही. पुण्यात वाढलेल्या माणसाला ‘आत्ताच जेवून आलो’ हे खोटं आठवड्यातून दोनदा तरी बोलावंच लागतं. टोचत राहिलं ते पिशवी फिरवणं. ते मी ठरवून केलं नव्हतं, हातांनी परस्पर केलं. आणि माझा धंदाच असा की मला ते सोडून देता येईना. बाणेर रस्त्यावरच्या एका ऑफिसात बसून मी दुकानांसाठी लॉयल्टी प्रोग्राम बनवते. पॉइंट्स, कार्ड, वाढदिवसाचा मेसेज, पुढच्या खरेदीवर दोनशे रुपये सूट. एकदा आलेलं गिऱ्हाईक पुन्हा यावं आणि दुसरीकडे जाऊ नये, यासाठी लोक आम्हाला पैसे देतात. सतरा वर्षं झाली. या सतरा वर्षांत, पर्समध्ये आमचं कार्ड आहे म्हणून समोरच्या दुकानाची पिशवी ओढणीआड लपवणारी एकही बाई मला भेटलेली नाही. उलट पाच दुकानांची पाच कार्डं एकाच रबरबँडमध्ये बांधून हिंडणाऱ्या बायका मला माहीत आहेत. मी त्यातलीच. आणि ज्याने मला आजवर एक पॉइंट दिलेला नाही, ज्याच्याकडे सुट्ट्या दोन रुपयांऐवजी अजून गोळी मिळते, त्या शेठसमोर माझे हात आपणहून शरमले.

आमच्या क्षेत्रात १९८१ सालाचं नाव जरा आदराने घेतात. त्या वर्षी अमेरिकन एअरलाइन्सने प्रवाशांचे मैल मोजून त्या बदल्यात फुकट तिकीट द्यायची मोठी योजना काढली आणि मग पॉइंटांचं हे पीक जगभर माजलं. हुशारी होती यात वाद नाही. नाहीतरी रिकामी जाणारी खुर्ची द्यायची, आणि माणूस वर्षभर मैल मोजत बसतो. पण एकदा मोजायची सवय लावली की तो दुसरीकडचंही मोजतो. एका चपलांच्या दुकानासाठी आम्ही असंच कार्ड केलं होतं. वर्षाने आकडे काढले तर लोक येत होते ते पॉइंट संपायच्या तारखेच्या आदल्या आठवड्यात, आणि घेत होते ते बरोबर तेवढ्याच किमतीचे मोजे. दुकानदार मला म्हणाला, ‘मॅडम, माझं मोज्यांचं दुकान करून टाकलंत तुम्ही.’

शेठचं दुकान म्हणजे दहा बाय बाराचा गाळा. आत शिरायला जागा नाही आणि शिरूनही उपयोग नाही, कारण कुठे काय आहे हे त्याला एकट्यालाच माहीत. पुढे फळी, फळीवर बरण्या, बरण्यांवर लोंबणाऱ्या शाम्पूच्या पुड्यांच्या माळा, आणि या सगळ्याच्या मधल्या चौकोनात शेठचा चेहरा, तसबिरीत बसवल्यासारखा. हिंगाचा, कपड्याच्या साबणाचा, नव्या पोत्याच्या तागाचा मिळून एक वास. मूळचा राजस्थानातल्या पालीकडचा. मामाच्या दुकानात पोऱ्या म्हणून पुण्यात आला तेव्हा चौदा वर्षांचा होता, आता नातवंडं आहेत. मराठी तुमच्याआमच्यासारखं बोलतो, फक्त आकडेमोड मारवाडीत करतो; ओठ हलताना दिसतात. दुपारी एक ते चार शटर खाली. चितळ्यांनीसुद्धा २०१७ साली दुपारी दुकान उघडं ठेवायला सुरुवात केली, पण शेठ म्हणतो, ‘त्यांच्याकडे माणसं आहेत, मी एकटा आहे, मला झोप येते.’ २०२०च्या मार्चअखेर सगळं बंद पडलं आणि ॲपवर दिवसदिवस स्लॉट मिळेना, तेव्हा याने दुकानापुढे खडूने गोल आखले, साखर माणशी एक किलोवर आणली, आणि आमच्या समोरच्या इमारतीतल्या एकट्या राहणाऱ्या आजोबांचं सामान दोरीला बांधलेल्या टोपलीतून वर चढवलं. तेव्हा आम्ही सगळे म्हणायचो, आता आयुष्यभर शेठच. ते आयुष्य साधारण दीड वर्ष टिकलं. महिन्याची यादी अजून त्याच्याकडे जाते. मधलंअधलं सगळं हळूहळू फोनवर गेलं. कुठल्या दिवशी गेलं ते मला सांगता येणार नाही.

त्या यादीचीच एक गोष्ट. सासरे होते तोवर तिच्यात बिनसाखरेच्या बिस्किटांचे चार पुडे असत. मी यादी म्हणून लिहीत नाही, ‘नेहमीचं’ एवढा एक शब्द पाठवते आणि खाली काही फरक असेल तर तो. सासरे गेल्यानंतरच्या महिन्यात मी सवयीने ‘नेहमीचं’ पाठवलं. सामान आलं, दोन दिवस पडून राहिलं. डबे भरायला घेतले तेव्हा लक्षात आलं की बिस्किटं नाहीत. बिल काढून पाहिलं, बिलातही नाहीत. बाकी सगळं जिथल्या तिथे होतं, चहापूडसुद्धा तेवढीच, फक्त ते चार पुडे नव्हते. मी त्याला काही सांगितलं नव्हतं. त्यानेही नंतर कधी विषय काढला नाही. बिस्किटांचा गोल पत्र्याचा डबा मी धुऊन उन्हात ठेवला आणि बराच वेळ गॅलरीतच थांबले.

त्याच वर्षी आमच्या ऑफिसातून कपड्यांच्या एका दुकानासाठी मेसेज गेला होता. पंचेचाळीस दिवसांत जो फिरकला नाही त्याला आपोआप जाणारा. मजकूर माझाच. ‘आम्हाला तुमची आठवण येते!’ आणि पुढे पंधरा टक्के सूट. एका नंबरवरून उत्तर आलं, ‘आम्हालाही येते. बाबा मार्चमध्ये गेले.’

तो नंबर यादीतून काढायला आम्हाला तीन दिवस लागले.

आता इथेच थांबले तर ही गल्लीतल्या वाण्याची आरती होईल. तशा आरत्या व्हॉट्सॲपवर पुष्कळ फिरतात, आणि त्या पुढे ढकलणारी माणसं स्वतः कुठून सामान मागवतात हे आमच्या वॉचमनला विचारावं. पण माझं अडतं ते वेगळ्याच ठिकाणी. वाण्याची नजर काय असते हे मला फार लहानपणापासून माहीत आहे.

आम्ही नारायण पेठेत वाड्यात राहायचो. वडील छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायचे. ऐंशीचं दशक संपता संपता ऑफसेट छपाई आणि पाठोपाठ कॉम्प्युटरवरची जुळणी, म्हणजे डीटीपी, आलं, खिळ्यांचे छापखाने एकेक करून आटत गेले आणि पगाराची तारीख पुढे पुढे सरकू लागली. कोपऱ्यावरच्या वाण्याकडे आमची वही होती, लांबट, लाल कापडी पुठ्ठ्याची. मी चिठ्ठी आणि पिशवी घेऊन जायची. वाणी पुडी बांधायचा ते बघायला मला फार आवडे. वर टांगलेल्या रिळातून दोरा सर्रकन खाली यायचा, पुडीला दोन वेढे, बोटाभोवती एक, आणि एका झटक्यात तुटायचा. वर गुळाचा खडा मिळायचा तो वेगळाच. मी सहावीत असताना एकदा, दुकानात चार बायका उभ्या होत्या, आणि वाणी वहीवर बोट ठेवून म्हणाला, ‘आईला सांग, मागचं जरा बघा म्हणावं.’ आवाज चढवला नाही. उलट मऊच बोलला. त्या चारजणींतली एक माझ्या वर्गातल्या मुलीची आई होती. गुळाचा खडा त्याने त्या दिवशीही दिला. मी घेतला, तोंडात टाकला आणि वाड्याच्या दिंडीदरवाजाशी येऊन थुंकून टाकला.

त्यानंतर आईने जे सुरू केलं त्याचा अर्थ लागायला मला बरीच वर्षं गेली. वडिलांच्या हातात पगार पडला की ती मला घेऊन कसबा पेठेत जायची, पायी, आणि तिथल्या दुकानातून रोखीने सामान आणायची. पैसे संपले की पुन्हा कोपऱ्यावरचा वाणी. म्हणजे उधारी ओळखीच्याकडे आणि रोख परक्याकडे. उलटं नको का? कोपऱ्यावर रोख घेऊन गेली असती तर वाण्याने ती आधी मागच्या बाकीत वळती केली असती आणि तेल काही घरात आलं नसतं, हे झालं हिशेबाचं कारण. पण कसब्यातल्या त्या दुकानात आई वेगळीच उभी राहायची. तूरडाळ बोटांनी चाळून बघायची, ‘यात खडे दिसतायत, दुसरी दाखवा’ म्हणायची, मापाकडे लक्ष ठेवायची. कोपऱ्यावर तिने कधी डाळीला हात लावलेला मला आठवत नाही. कसब्यात तिची वही नव्हती. महिन्यातून एकदा तिथे ती नुसती एक गिऱ्हाईक असायची, नाक मुरडायचा हक्क असलेली. परत येताना मात्र वाण्याच्या दुकानावरूनच यावं लागे, वाड्याला दुसरी वाट नव्हती. मग आई ती पिशवी डाव्या काखेत धरायची, वरून पदर ओढून घ्यायची आणि माझ्याशी शाळेचं काहीतरी मोठमोठ्याने बोलत झपझप पुढे निघायची.

माझ्या हातांनी ते कुठून उचललं, हे मला एकादशीच्या रात्री साबुदाण्यात पाणी घालताना कळलं.

आमच्या धंद्यात शिकवतात ते आणखी एक साल म्हणजे १९१६. अमेरिकेतल्या मेम्फिस गावात क्लॅरेन्स साँडर्स नावाच्या माणसाने पिगली विगली नावाचं किराणा दुकान काढलं. तोवर तिकडेही सगळं आपल्यासारखंच. फळीच्या पलीकडे दुकानदार, अलीकडे गिऱ्हाईक, यादी द्यायची आणि त्याने काढून द्यायचं. साँडर्सने मधली फळीच काढून टाकली. दाराशी फिरता दांडा बसवला, हातात टोपली दिली, जिन्नसांवर किमती लावल्या आणि लोकांना आत मोकळं सोडलं. पुढच्या वर्षी त्या रचनेचं पेटंटही मिळवलं. हे आम्हाला शिकवलं ते खर्चाच्या अंगाने. नोकर कमी लागतात, दिसेल ते उचललं जातं, विक्री वाढते. खरंच आहे. पण हल्ली मला त्या मेम्फिसच्या बायका डोळ्यांपुढे येतात. त्यांच्यातल्या कुणाची तरी कुठेतरी वही असणार. कुणाला हलक्यातला तांदूळ घ्यायचा असेल आणि शेजारणीदेखत तो तोंडाने मागायचा नसेल. टोपली घेऊन त्या आत शिरल्या आणि कुणी ‘काय देऊ?’ म्हणून विचारलं नाही. काय हायसं वाटलं असेल! निदान मला तरी वाटलं असतं. नववी-दहावीत सॅनिटरी नॅपकिन आणायला मी वाण्याच्या दुकानात गर्दी ओसरेपर्यंत बरण्या मोजत उभी राहायची. शेवटी हळूच सांगावं, तर तो माळ्याकडे बघत मोठ्याने विचारणार, ‘मोठं का छोटं?’ मग ते वर्तमानपत्रात गुंडाळणार, वरून काळी पिशवी. काळी पिशवी घेऊन चाललेली मुलगी म्हणजे आख्ख्या गल्लीला जाहिरात. पुढे सुपरमार्केटं आली, आणि पहिल्यांदा ते पाकीट मी माझ्या हाताने उचलून टोपलीत रव्याच्या पुड्याशेजारी टाकलं. त्या दिवशी मी काहीही कारण नसताना आणखी दोन चकरा मारल्या.

ॲपला तर डोळेच नाहीत. म्हणजे आहेत, शेठपेक्षा कितीतरी जास्त आहेत. रात्री दीड वाजता मी चॉकलेट मागवते हे त्याला ठाऊक आहे, नवऱ्याचं इसबगोल संपत आल्याचं त्याला माझ्याआधी कळतं. हे सगळं माझ्यासारख्याच कुणा बाईच्या स्क्रीनवर रकान्यांमधून दिसत असणार. मी स्वतः दिवसभर तेच रकाने बघते. पण रकान्यासमोर कुणाला लाज वाटत नाही. आमच्या मीटिंगांमध्ये ठासून सांगतात की लोकांना सगळं दहा मिनिटांत हवं असतं. दहा मिनिटांत काय, शेठचा पोरगा आठ मिनिटांत येतो. त्या रात्री तर पोती माझ्या दारापासून चालत दोन मिनिटांवर होती. तरी मी फोन उघडला. कारण आदल्या रात्री नऊ वाजता साबुदाणा घ्यायला गेले असते तर शेठ म्हणाला असता, ‘काय ताई, आत्ता? भिजणार कधी?’ आणि रांगेतल्या दोन काकूंनी वळून पाहिलं असतं. कुणी वाईट बोललं नसतं. फक्त वळून पाहिलं असतं. तेवढं वाचवायला मी वर डिलिव्हरीचे पंचवीस रुपये मोजले. आणि बिस्किटं न सांगता वगळली होती ती याच नजरेने. हे हवं, ते नको, अशी ती निवडून मिळत नाही, हे मला चांगलं कळतं; तरी चरफडायला होतं.

या नजरेचा आणखी एक मासला मी लक्ष्मी रस्त्यावर पाहिला. आमच्या ऑफिसातल्या नव्या मुलांचा एक आवडता प्रयोग आहे, शीना अय्यंगार आणि मार्क लेपर यांचा, २००० साली प्रसिद्ध झालेला. कॅलिफोर्नियातल्या एका दुकानात जॅम चाखायला ठेवले, कधी चोवीस प्रकारचे, कधी सहा. चोवीसांपाशी जास्त लोक थबकले, पण त्यांच्यातल्या शंभरी तिघांनीच बाटली घेतली. सहांपाशी थांबलेल्यांतल्या शंभरी तिसांनी. तेव्हा पर्याय कमी ठेवा, असं म्हणून स्लाइड पुढे सरकते. एकदा साडी घ्यायला गेले असताना मी हे तिथल्या काकांना सांगितलं. चाळीस वर्षं त्याच पांढऱ्या गादीवर साड्या उलगडणारे गृहस्थ. समोर ढीग पडला होता, मी एकटीने तीसेक तरी उलगडायला लावल्या होत्या. काकांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, ‘ढीग तुमच्यासाठी नसतो हो ताई, माझ्यासाठी असतो.’ मला कळेना. तर म्हणाले, पहिल्या दहा-पंधरा साड्या ते विकायच्या म्हणून काढतच नाहीत. बाईचा हात कुठे जातो ते बघतात. तोंडाने ‘हलका रंग दाखवा’ चाललेलं असतं आणि हात मात्र जांभळीच्या काठाला लागून येतो. किंमत सांगितली की पापणी हलली का, बरोबर आलेली जाऊ कुठल्या साडीकडे बघून गप्प बसली. मग बोलता बोलता एकेक साडी मागे सरकत जाते आणि गादीवर तीन उरतात. ‘त्यातली एक मी स्वतःच्या खांद्यावर टाकतो,’ काका म्हणाले आणि टाकलीसुद्धा. मी हलका रंग घ्यायला गेले होते. येताना जांभळी घेऊन आले, आणि ती माझ्याकडच्या साड्यांत सगळ्यात जास्त नेसली जाते. काकांचा मुलगा मात्र गल्ल्यावर बसून फोनवर कॅटलॉग सरकवत होता. तो कॅटलॉग आम्हीच करून दिलाय.

एकादशीनंतर दहा-बारा दिवस मी कोपरा टाळला. भाजीला जायचं तर मागच्या गल्लीने गेले. मग एका संध्याकाळी उदबत्ती संपली, दिवा लावायची वेळ झाली होती, आणि उदबत्तीसाठी ॲप उघडायचं म्हणजे माझं मलाच कसंतरी वाटलं. गेले. दुकानात कुणी नव्हतं. शेठ फळीवर ओला फडका मारत होता. त्याने रस्त्यावर इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणून म्हणाला, ‘ताई, एक काम होतं. तुमच्या त्या ॲपवर कपड्याची पावडर कितीला दाखवतंय? मोठं पाकीट.’

‘कुठल्या ॲपवर?’ माझी कानशिलं तापली.

‘अहो ते. पिशवी होती ना त्या दिवशी हातात.’

इतक्या सरळपणे म्हणाला की लाजायलाही सवड मिळाली नाही. मी फोन काढून किंमत दाखवली. शेठचे ओठ हलले, कानावरची पेन्सिल निघाली, साबणाच्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर दोन आकडे एकाखाली एक पडले. ‘एजन्सीवाला मलाच याच्यापेक्षा अकरा रुपये जास्त लावतो. मी घेऊ कितीला, विकू कितीला?’ मग म्हणाला, दुकानाच्या नंबरवर एका वेळी तीनच पाकिटं घेऊ देतात, सुनेच्या नंबरवर तीन घेऊन झाली, तेवढी तुमच्यावरून तीन टाका ना, पैसे आत्ता देतो. मी पत्ता त्याच्या दुकानाचा टाकला. त्याने लगेच क्यूआर स्कॅन करून पैसे पाठवले, एक रुपया इकडेतिकडे नाही.

वाट बघता बघता त्याने विचारलं, ‘खिचडी कशी झाली?’

‘थोडी कच्ची राहिली.’

‘राहणारच. त्यांचा माल जुना असतो, त्याला पाणी जास्त लागतं.’ फडका पिळत म्हणाला, ‘विचारायचं मला.’

त्या रात्री पिशवी दिसली होती तर मग मला अर्धं पेर का सांगितलं होतं, हे विचारायचं माझ्या जिभेवर आलं. शेठ उदबत्तीच्या पुड्यावरची धूळ फुंकत होता आणि चेहऱ्यावरून काहीही कळायला मार्ग नव्हता.

नऊ मिनिटांनी मुलगा आला. तोच, त्या रात्रीचा. दुकानाचा पत्ता बघून त्याला काही नवल वाटलं नाही. गाडी लावली, पिशवी फळीवर ठेवली, कोपऱ्यातल्या माठातलं पाणी न विचारता घेतलं, दहा रुपयांचा बिस्किटपुडा उचलला आणि फोन पुढे केला. भिंतीवरच्या डबीने ‘दहा रुपये प्राप्त झाले’ असं सगळ्या गल्लीला सांगितलं. ‘येतो काका,’ म्हणून गेला. शेठने तिन्ही पाकिटं मागच्या फळीवर त्यांच्या रांगेत लावली, आधीची पुढे, नवी मागे. कागदी पिशवी हाताने सपाट करून घडी घातली आणि फळीखाली ठेवायला वाकला, तेव्हा मला दिसलं. तिथे तशाच तपकिरी पिशव्यांची चांगली हातभर थप्पी होती.

मी उदबत्ती घेतली. कशाला कुणास ठाऊक, अर्धा किलो साबुदाणाही घेतला. ‘आत्ता कशाला, उपास झाला की,’ शेठ म्हणाला, पण तोलला, आणि वर मूठभर घातला. दोन्ही वस्तू थप्पीतल्या वरच्या पिशवीत टाकून त्याने माझ्या हातात दिल्या.

जिन्यात दुसऱ्या मजल्यावरच्या काकू भेटल्या. चष्मा कपाळावर चढवून त्यांनी पिशवीवरचं नाव वाचलं.

‘तुम्हीसुद्धा मागवायला लागलात का? किती वेळात आलं?’

‘अर्धा तास लागला.’

‘बघा! त्यापेक्षा खाली शेठकडे जायचं ना. पाच मिनिटांचं काम.’